तांबडी गार

कामाच्या पहिल्या दिवशी मला बोटातली अंगठी काढायला लावली. साखरपुडा होऊन तीन आठवडे झाले होते. आमचे सर म्हणाले, "सोन्याच्या कामावर सोनं घालून यायचं नाही. अंगठी, साखळी, घड्याळाचा सोनेरी पट्टा, काहीच नाही." मला वाटलं, मजुरांपुढे मिरवू नये म्हणून सांगत असतील. दुपारी पळसाच्या सावलीत डबे उघडले तेव्हा त्यांनी कारण सांगितलं.

एक टन दगडात एक ग्रॅम सोनं निघालं तरी आम्ही त्याची दखल घेणार होतो. प्रयोगशाळेत त्या दगडाची तीस ग्रॅम पूड तपासतात. म्हणजे त्या पुडीत सोनं असणार मिलिग्रॅमच्या शंभर भागांपैकी तीन भाग. नमुना गोळा करताना अंगठी दगडावर एकदा घासली तरी तेवढं सोनं त्याला लागतं. मग अहवालात आकडा येतो, आकड्यावर खर्च होतो, आणि जमिनीत काहीच नसतं. मी अंगठी रुमालात बांधून बॅगेच्या तळाशी ठेवली. तो हंगाम संपेपर्यंत ती तिथेच राहिली.

हे काम चाललं ते गाव नागपूर जिल्ह्याच्या पूर्वेला, उमरेडच्या पुढे, जिथे धानाच्या बांध्या सुरू होतात त्या बाजूला आहे. नाव लिहीत नाही. का लिहीत नाही ते पुढे येईलच.

मी शेलूबाजारचा. आमच्याकडे जमीन उकरली की आधी काळी माती, मग मुरूम, मग काळा फत्तर. दुसरं काही लागत नाही. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीच्या भेगांतून वर आलेला लाव्हा थरावर थर पसरला, त्याचा हा दगड. महाराष्ट्राचा बहुतेक भाग त्याखाली झाकलेला आहे. लहानपणी गावात विहीर खणायला घेतली की आम्ही पोरं काठावर बसून असायचो. सुरुंग उडाला की बकेटीतून वर येणाऱ्या दगडांत एखादा पोकळ निघायचा. फोडला की आत पांढरे, कधी फिकट जांभळे टोकदार स्फटिक. आम्ही ते दप्तरात घालून शाळेत न्यायचो. आजी त्यांना गारगोट्या म्हणायची आणि दोन गारगोट्या अंधारात एकमेकींवर घासून ठिणगी पाडून दाखवायची. भूविज्ञान शिकायचं मनात आलं ते त्या ठिणगीमुळे, असं मला आजही वाटतं.

त्या गारगोट्या आणि मी पुढे ज्या गारेच्या मागे हिंडलो ती गार, रसायनानं दोन्ही एकच, सिलिका. पण जन्म अगदी वेगळा. आमच्या फत्तरातली पोकळी म्हणजे लाव्हा थंड होताना आत अडकलेल्या वायूचा बुडबुडा. नंतर झिरपलेल्या पाण्यानं त्यात सिलिका आणून भरली. सोन्याची गार जन्मते जमिनीखाली कित्येक किलोमीटरवर, अडीचशे ते चारशे अंश उष्ण पाण्यात. हे पाणी जुन्या खडकांतून फिरताना त्यांतलं गंधक आणि सोनं सोबत घेतं. सोनं एरवी कशात विरघळत नाही असं आपण मानतो; या पाण्यात ते गंधकाशी जोडी करून विरघळतं. साध्या खडकात टनामागे जेमतेम दोन-चार मिलिग्रॅम सोनं असतं. ते एका जागी हजारपट साचायला हवं, आणि ते साचवण्याचं काम हे पाणी करतं. वर कुठे खडकाला भेग पडली की पाणी तिच्यात घुसतं, दाब एकदम उतरतो, आणि पोटातला माल तिथेच टाकला जातो. गार साचते, भेग बुजते. पुढचा हादरा बसला की तीच भेग पुन्हा उघडते. असं शेकडो वेळा झालं की गारेत वहीच्या पानांसारखे पातळ पट्टे दिसतात. आजूबाजूच्या खडकात लोह असेल तर पाण्यातलं गंधक त्या लोहाला जाऊन मिळतं, सोन्यासारखाच पिवळा चमकणारा पायराइट तयार होतो, आणि जोडीदार गेल्यावर सोनं एकटं उरतं ते खाली बसतं. म्हणून सोनं पुष्कळदा पायराइटच्या सोबतीनं सापडतं.

नागपूर शहर फत्तराची जमीन आणि जुन्या खडकांची जमीन यांच्या सीमेवर आहे. सीताबर्डीची टेकडी अजून आपल्या काळ्या फत्तराची. तिथून पूर्वेला गेलं की फत्तर संपतो आणि त्याच्या कितीतरी आधीचे खडक उघडे पडतात. उमरेडला कोळसा, रामटेककडे मनसरला मँगनीज, कुही तालुक्यातल्या खोबना आणि आगरगावला टंगस्टन. त्याच पूर्व पट्ट्यात, ज्याला भूवैज्ञानिक साकोली समूह म्हणतात त्या जुन्या, दुमडलेल्या खडकांत, गारेच्या शिरा आहेत. पुलर-परसोडी, मरूपार ही नावं भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या कामामुळे आमच्या क्षेत्रातल्या प्रत्येकाला ठाऊक असतात; तिथे तांब्यासोबत आणि गारेच्या शिरांत सोन्याच्या खुणा मिळाल्या आहेत. महाराष्ट्रात सोनं आहे का, असं कुणी विचारलं तर उत्तर "आहे" असंच द्यावं लागतं. मात्र देशाच्या साठ्यात महाराष्ट्राचा वाटा इतका लहान आहे की सरकारी आकडेवारीत तो इतर काही राज्यांसोबत एकत्र दिलेला असतो.

मी अकरा महिन्यांच्या करारावर होतो. काम सांगायला सोपं होतं: सर्वेक्षणाच्या नकाशावर दिसणारी एक शीर जमिनीवर शोधायची, ती किती लांब धावते, किती रुंद आहे, कुठल्या अंगाला किती कलते ते मोजायचं आणि नमुने घ्यायचे. प्रत्यक्षात पहिले पंधरा दिवस नुसतं चालणं. हातात होकायंत्र, पाठीवर पिशवी, कमरेला हातोडा, गळ्यात दहापट मोठं दाखवणारं भिंग. धान कापून झालेलं होतं, बांध्यांत लाखोळी उगवून आली होती, आणि बोडीच्या पाळीवर बगळे बसलेले असायचे.

तिसऱ्या दिवशी मला एक सुंदर शीर सापडली. माणसाच्या उंचीएवढी रुंद, दुधासारखी पांढरी, उन्हात डोळे दिपवणारी. मी धावत जाऊन सरांना घेऊन आलो. त्यांनी एक तुकडा फोडला, भिंगातून पाहिला आणि म्हणाले, "ही स्वच्छ आहे. स्वच्छ गारेत बहुतेक वेळा काही नसतं. तू घाण गार शोध." मग त्यांनी मला एका नाल्याच्या काठावर नेलं. तिथली गार हातभर रुंद, तांबूस-तपकिरी, गंजलेल्या पत्र्यासारखी. तिच्यात चौकोनी, मधमाशीच्या पोळ्यासारखी रिकामी घरं होती. त्या जागी कधीकाळी पायराइट होता; पावसापाण्यानं तो गंजून वाहून गेला आणि त्याचे साचे तेवढे उरले. शेजारचा खडक हिरवट पडून ठिसूळ झालेला, म्हणजे उष्ण पाणी तिथून गेल्याची खूण. त्या दिवसापासून मी पांढऱ्या गारेकडे पाहणं सोडलं.

त्या नाल्याकाठची गार धुऊन पाहायला आम्ही एका बाईंना बोलावलं होतं. त्या सोनझारी समाजाच्या. पूर्व विदर्भात या समाजातली माणसं पूर्वी नद्यांच्या वाळूतून सोनं धुऊन काढत. आता बहुतेक जण सराफांच्या दुकानांसमोरची माती आणि गटारीतला गाळ धुतात. बाईंनी आमची प्लास्टिकची थाळी बाजूला ठेवली आणि स्वतःचं लाकडी पात्र काढलं. आम्ही तांबडी गार लोखंडी खलबत्त्यात कुटून दिली. त्या पाण्यात बसल्या आणि मनगट फिरवत राहिल्या. गारेची घनता पाण्याच्या अडीचपट, सोन्याची एकोणीसपट. पुस्तकातला हा फरक त्यांच्या मनगटात होता. पांढरं वाहून गेलं, मग तांबडं गेलं, शेवटी काळ्या रेतीची एक शेपटी उरली. शेपटीच्या टोकाला तीन पिवळे कण. भिंगाशिवाय मला दिसलेही नसते. मी विचारलं, हा पायराइट कशावरून नाही? त्यांनी सुईच्या टोकानं कण दाबला. तो फुटला नाही, चपटा झाला. "फुटते ते खोटं जी," त्या म्हणाल्या.

पायराइट ठिसूळ असतो. घासला की काळपट हिरवी रेघ देतो. अभ्रक उन्हात सोन्यापेक्षा जास्त चमकतं, पण नखानं त्याचे पापुद्रे सुटतात. सोनं उन्हातही तसंच आणि सावलीतही तसंच पिवळं राहतं. हे सगळं मी परीक्षेत लिहून आलो होतो. पण त्यावर माझा विश्वास बसला तो त्या सुईनंतर.

शिरेला आडवे चर खणायचे ठरले. शीर तीन शेतांतून जात होती. मधलं शेत ज्यांचं, त्यांना सगळे काका म्हणत. चार एकर धान आणि बांधावर मिरची. त्यांनी एकच अट घातली: "खड्डा जसा होता तसा बुजून द्या, अन् काय भेटलं ते मले सांगून जा." पहिली अट आमच्या करारातच होती. दुसरी मी माझ्याकडून कबूल केली.

चरात उतरून नमुना घेणं हे या धंद्यातलं सगळ्यात कंटाळवाणं आणि सगळ्यात महत्त्वाचं काम. आधी भिंत ब्रशनं धुवायची. मग चुन्यानं दोन रेघा मारायच्या, दहा सेंटिमीटर अंतरावर. त्या दोन रेघांमधला दगड छिन्नीनं सगळीकडे सारख्या खोलीनं काढायचा. खाली ताडपत्री, तिच्यावर पडेल ते सगळं पिशवीत, बाहेर उडेल ते सोडून द्यायचं. मऊ दगड लवकर निघतो, कडक गार निघत नाही. हात आपोआप मऊ भागाकडे जातो आणि नमुना खोटा होतो. सर मागे उभे राहायचे. "कडक जागी जास्त वेळ दे," एवढंच बोलायचे. प्रत्येक पिशवीत आकड्याची चिठ्ठी. दर काही पिशव्यांमागे एक पिशवी अशी, जिच्यात सोनं नाही हे आम्हाला पक्कं माहीत. दुसरी अशी, जिच्यातलं सोनं किती ते आधीच मोजलेलं. प्रयोगशाळेला यातलं काही सांगायचं नाही. परीक्षकाचीही परीक्षा व्हावी म्हणून ही पद्धत असते, आणि मला ती फार न्याय्य वाटते.

प्रयोगशाळेत पुढे काय होतं ते मी एकदा हट्ट करून पाहिलं. पिठासारखी दळलेली पूड शिशाच्या ऑक्साइडमध्ये आणि सोड्या-टाकणखारात मिसळून भट्टीत हजार अंशांच्या वर वितळवतात. शिसं खाली जातं आणि जाताना सोनं-चांदी गोळा करून नेतं. तो शिशाचा मणी हाडांच्या राखेच्या वाटीत पुन्हा तापवला की शिसं राखेत शोषलं जातं आणि टाचणीच्या टोकाएवढा थेंब उरतो. नायट्रिक आम्लात चांदी निघून जाते. उरलेलं वजनकाट्यावर ठेवतात. नागपूरच्या इतवारीत सराफ्याच्या गल्ल्यांत सांगली जिल्ह्याच्या खानापूर-आटपाडीकडची गलाईवाली माणसं आहेत. दागिन्यांची मोड गाळून शुद्ध सोनं करणारी. देशभर ती या धंद्यासाठी पसरली आहेत. त्यांची भट्टी पाहिली होती म्हणून प्रयोगशाळेतली भट्टी मला परकी वाटली नाही.

महिन्यानं पहिले आकडे आले. काकांच्या शेतातल्या चरातल्या एका नमुन्यात टनाला तीन ग्रॅमच्या थोडं वर. बाकीचे जवळपास रिकामे. त्या एका आकड्यानं मला झोप लागली नाही. आणि इथेच माझी चूक झाली. काकांचा मुलगा नागपूरला शिकत होता, माझी त्याची चांगली ओळख झाली होती. मी त्याला फोनवर बोलून गेलो, "तुमच्या शेतात तीन ग्रॅम आलं."

मी टनाला म्हणालो की नाही, आज आठवत नाही. म्हणालो असलो तरी ऐकणाऱ्याला तो शब्द ऐकू जाणार नव्हता. आठ दिवसांत शेजारच्या तीन गावांत बोलणं झालं की दगड फोडला की तीन ग्रॅम सोनं निघतं. रात्री कुणीतरी घण घेऊन चरात उतरलं आणि आमची धुतलेली, रेघा मारलेली भिंत फोडून टाकली. शहरातून दोन माणसं गाडी घेऊन आली आणि काकांना इसार देऊ लागली. काकांच्या भावानं, जो पंचवीस वर्षं त्या वावराकडे फिरकला नव्हता, वाटणी मागितली. काकू मला म्हणाल्या, "सोनं नव्हतं तं घर होतं बापू." मला उत्तर सुचलं नाही. त्या घरात मी रोज चहा पीत असे.

गावातल्या लोकांना कायदा समजावताना मला कळलं की तो त्यांना कुणीच कधी सांगितलेला नसतो. सोन्यासारख्या खनिजाचा पट्टा सरकारच देतं, आणि 2015 च्या दुरुस्तीनंतर तो लिलावानंच दिला जातो. शेतात शीर निघाली म्हणून शेतकऱ्याला ती खोदून विकता येत नाही. गाडी घेऊन आलेल्या त्या दोन माणसांना हे नक्की माहीत असणार.

सर मला ओरडले नाहीत. दुसऱ्या दिवशी ते मला घेऊन पुन्हा चरात उतरले आणि फोडलेल्या भागाच्या मागे नवी भिंत धुवायला लागले. तीन ग्रॅम आलेल्या जागेला लागून आम्ही पुन्हा नमुने घेतले. आकडे आले: एक जेमतेम ग्रॅमभर, एक त्याच्या निम्मा, दोन रिकामे. सोनं शिरेत एकसारखं पसरलेलं नसतं. पोह्यांत दाणे असतात तसं. एका घासात तीन येतात, पुढच्या चार घासांत एकही नाही. पहिल्या घासावरून कढईत दाणे किती ते सांगता येत नाही. त्यासाठी पुष्कळ घास घ्यावे लागतात, म्हणजे पुष्कळ नमुने, पुष्कळ पैसे आणि पुष्कळ महिने.

मग खाली काय आहे ते पाहायला बोअर घेतले. हे पाण्याचे बोअर नव्हेत. हिऱ्याच्या कणांचं पातं फिरवून आतला दगड अखंड दांड्यासारखा वर काढतात. तो दांडा पत्र्याच्या खोक्यात ओळीनं मांडला की जमीन उघडून वाचल्यासारखी दिसते. पहिल्या बोअरमध्ये शीर ठरल्या खोलीच्या जवळपास लागली, हातभराची वीतभर झालेली. दुसऱ्यात चार बोटं. तिसऱ्यात फक्त हिरवट खडक आणि गारेचे दोन-तीन धागे. शीर खाली चिमटत जाऊन संपली होती. कोलारमध्ये अशीच एक शीर तीन किलोमीटरहून खोल गेली; 1880 साली जॉन टेलर कंपनीनं तिथे काम सुरू केलं आणि 28 फेब्रुवारी 2001 ला खाण बंद होईपर्यंत आठशे टनांवर सोनं निघालं. पण एका कोलारमागे अशा किती शिरा चार बोटांवर संपतात, त्यांची गोष्ट कुणी सांगत नाही. आमच्या कामाचा बराचसा भाग "इथे नाही" हे खात्रीनं लिहिण्यात जातो. पुढच्या माणसाचे पैसे आणि कुणाचं तरी वावर त्यामुळे वाचतं. कधी शोध वेगळंच काही हाती देतो: रायचूर जिल्ह्यातल्या मस्कीचा अशोकाचा शिलालेख 1915 साली सापडला, तो सोन्याच्या शोधात फिरणाऱ्या सी. बीडन या खाण अभियंत्याला.

करार संपल्यावर मी शेलूबाजारला परत आलो. काकांना सांगायचं राहिलं. अहवाल वर गेला होता, आणि आपण बोललो की काय होतं ते मी पाहिलं होतं, म्हणून गप्प राहिलो. ही दुसरी चूक, पहिलीपेक्षा मोठी. सात महिन्यांनी, सरांना विचारून, मी बसनं उमरेड गाठलं आणि तिथून त्या गावी गेलो. चर बुजलेले होते, वर धान उभं होतं. मी काकांना ओसरीवर बसून सगळं सांगितलं. कागदावर शिरेचं चित्र काढून, ती कुठे हातभर आहे, कुठे वीतभर, कुठे संपते. ते शांतपणे ऐकत होते. शेवटी म्हणाले, "म्हणजे नाही." मी म्हटलं, खाण होण्याएवढं नाही. त्यांनी भावाला हाक मारून बोलावलं आणि मला म्हणाले, "आता हेच याले सांगा." मी पुन्हा पहिल्यापासून सांगितलं.

आता शेलूबाजारजवळून समृद्धी महामार्ग गेला आहे. त्याच्यासाठी टेकड्या कापल्या तिथे आमच्या फत्तराचे थर एकावर एक रचलेले दिसतात. महामार्ग झाल्यापासून आणि शेततळी, विहिरी वाढल्यापासून लोकांच्या हाती दगडही जास्त लागतात. मागच्या उन्हाळ्यात मामा रुमालात गुंडाळून एक गारगोटी घेऊन आले. आत पिवळसर चमक. "भाच्या, हे पाय बरं. सोनं हाय का नाही ते सांग." मी सुई आणली. दाबल्यावर तो कण फुटला. लोखंडाच्या गंजाचा पातळ थर होता, स्फटिकावर बसलेला. मी त्यांना सांगितलं की ज्या खडकांत सोन्याच्या शिरा असतात तसले जुने खडक आपल्या फत्तराच्या खाली असतात. 1993 च्या भूकंपानंतर किल्लारीला खोल बोअर घेतला तेव्हा फत्तर 338 मीटरवर संपला आणि खाली जुना खडक लागला. आपल्या विहिरी तिथवर जात नाहीत. मामांनी गारगोटी परत रुमालात बांधली आणि नातवासाठी नेली.

माझ्याकडे अजून लोक दगड घेऊन येतात, आणि यावेत. पाहायचे मी पैसे घेत नाही. जो आधी पैसे मागतो त्याच्याकडे जाऊ नका. शंका मोठी असेल तर जिल्ह्याच्या खनिकर्म कार्यालयात किंवा नागपूरला भूवैज्ञानिक सर्वेक्षणात दाखवा. फक्त दगड आणाल तेव्हा तो कुठल्या वावरातला, कुठल्या विहिरीतला आणि किती हात खोलावरचा, एवढं कागदावर लिहून सोबत आणा.